पीयूसीनंतर जॅझ? वडगावच्या एका आईला उत्तर

प्रश्न: मुलगी पीयूसी सेकंड इयरला, सायन्सला आहे. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकते, यंदा विशारदला बसणार. अलीकडे जॅझचं वेड लागलंय, स्वतः गाणी रचते, चाली लावते. जगभर कार्यक्रम करणारी जॅझ गायिका व्हायचं म्हणते. मिस्टर म्हणतात, आधी इंजिनिअरिंग. घरचे पॉवरलूम आहेत. कर्ज काढून तिला बोस्टनला पाठवावं का? – एक आई, वडगाव, बेळगाव

ताई, कर्जाचं आधी सांगतो: आत्ता नको. बोस्टनच्या बर्कली या संगीत कॉलेजची नुसती फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आसपास आहे, राहणं-जेवण वेगळं. स्कॉलरशिप मिळू शकते, पण त्यासाठी ऑडिशन दणक्यात व्हावी लागते. तिच्या गळ्याबद्दल मला शंका नाही. पण तुमच्या एवढ्या लांब पत्रात ती पियानो किंवा गिटार वाजवते असं कुठंच आलेलं नाही, आणि गाडी तिथंच अडणार.

आपल्याकडे तानपुरा लावला की सा ठरला, मग तासभर गा, तो हलत नाही. जॅझमध्ये गायिकेच्या खालचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, सारखे बदलत असतात. आत्ता गोड लागलेला स्वर पुढच्या कॉर्डवर तोच धरून ठेवला तर टोचतो. जुनी पुष्कळ गाणी 32 मापांची, एक माप म्हणजे बहुधा चार मात्रा. ती मापं पुन्हा पुन्हा फिरत राहतात आणि त्यावर नवी सुरावट तिथल्या तिथे सुचावी लागते. तानेचा रियाज असलेल्या मुलीचा गळा फिरतो, उपज असते, लय अंगात असते. म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. खालची हार्मनी, म्हणजे ही कॉर्डची साखळी, कानाला ऐकू येणं हे उरलेलं निम्मं. पेटीवर ते जमायचं नाही, कारण एक हात भात्यात अडकतो. साधा 61 कळांचा कीबोर्ड घ्या आणि दोन्ही हातांनी शिकू दे. परक्या गावात, तासाभरापूर्वी भेटलेल्या वादकांसमोर कॉर्ड लिहिलेला कागद ठेवून पट्टी आणि लय तिलाच सांगावी लागेल. तिथं ‘काळी चार’ म्हणून भागत नाही.

विशारद मात्र सोडू देऊ नका. मुंबईच्या आशा पुथली शास्त्रीय शिकलेल्या. ऑर्नेट कोलमन या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाच्या 1972 च्या अल्बममध्ये त्या गायल्या. बेंगळुरूच्या आर. ए. रमामणी कर्नाटक संगीतातल्या. अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांच्याबरोबरची त्यांची रेकॉर्ड 1983 मध्ये जर्मनीच्या ईसीएम कंपनीने काढली. दोघींनाही आपलं गाणं बाजूला ठेवावं लागलं नाही.

शिकायचं कुठं? आधी कॅम्पातल्या चर्चच्या क्वायरकडे पियानो शिकवणाऱ्यांची चौकशी करा. चोर्ला घाट उतरलं की गोवा, आणि पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात. मुंबईतलं जुनं जॅझ बरंचसं गोव्याच्या वादकांनीच वाजवलं. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही मंडळी हॉटेलांत वाजवायची आणि सिनेमाच्या स्टुडिओतही.

मिस्टरांचं निम्मं बरोबर आहे. डिग्री हवी, पण इंजिनिअरिंगच्या सबमिशनमध्ये रियाज मरतो. मी असतो तर बी.कॉम.ला घातलं असतं. दुपारी मोकळी होते, आणि हिशेब तर तिला आयुष्यभर लागणारच आहे. अमेरिकेत गाणाऱ्या परदेशी कलाकाराच्या मानधनातून साधारणपणे 30 टक्के कर आधीच कापून घेतात. व्हिसा आणि विमानाचा खर्च कोण करणार, हे होकार देण्याआधीच विचारावं लागतं. नावाजलेले गायकसुद्धा फक्त मैफलींवर जगतात असं नाही. बरेच जण शिकवतात, स्टुडिओत गातात, हॉटेलात गातात. हे तिच्यापासून लपवू नका.

ती चाली लावते, हे तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. मला तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. मजुरीवर साडी विणणाऱ्याला साडीमागे पैसे मिळतात, डिझाइन ज्याचं त्याची गोष्ट वेगळी. हे तुम्हाला मी काय सांगावं! गायिकेला त्या रात्रीचं मानधन मिळतं, पण स्वतःची रचना दुसऱ्या कुणी गायली-वाजवली तरी रॉयल्टी तिची. आपल्याकडे संगीतकार आणि गीतकारांसाठी ती गोळा करायला 1969 पासून आयपीआरएस ही संस्था आहे. रचना प्रसिद्ध व्हायला लागल्या की तिनं सभासद व्हावं. तोवर प्रत्येक चाल तारीख घालून लिहून, रेकॉर्ड करून ठेवू दे.

परदेशाचा विचार डिग्रीनंतर, आणि तेव्हाही बोस्टनच्या आधी जर्मनी बघा. तिथल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नसते. कोलोनला जॅझचा विभाग आहे. प्रवेश परीक्षा कडक असते, जर्मन यावं लागतं, आणि व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे साधारण बारा हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. लूमवाल्या घराला ही रक्कमही थोडी नाही, पण जमवायला हाताशी तीन वर्षं आहेत.

पुढच्या मे महिन्यापर्यंत तिनं आपलं एक गाणं स्वतः कीबोर्ड वाजवत, दोन वेगळ्या पट्ट्यांत गाऊन रेकॉर्ड करावं. ते मला पाठवा. मिस्टरांनाही ऐकवा.