पोरगी डॉक्टर झाली तरी फी संपेना: फलटणकडच्या एका वडलांना उत्तर

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, नाव-गाव छापत नाही, काळजी नसावी. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. काकांची मुलगी शिरवळच्या कॉलेजातून 2022 ला बीव्हीएससी, म्हणजे जनावरांची डॉक्टर झाली, आता पुण्यात कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकला आहे आणि तिला सोनोग्राफीचं 3 दिवसांचं ट्रेनिंग करायचंय, फी 25 हजार. धाकट्याने पशुधनाचा डिप्लोमा केलाय, गावात गायी भरायचं (कृत्रिम रेतनाचं) काम करतो, आणि त्याला एक एजंट म्हणतोय की 4 लाख भर, तुला अमेरिकेत व्हेटरनरी टेक्निशियन म्हणून पाठवतो. काकांचा प्रश्न असा की साडेपाच वर्षं शिकवली तरी हिचं शिकणं संपेना, मग पैसे नक्की कुणावर घालू.

आधी मुलीचं बघू, कारण तुमचा राग तिच्यावर जास्त दिसतोय 😊

काका, ती पास झाली त्याच वर्षी गायी-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी रोग आला. तुमच्या गोठ्यात आला होता का माहीत नाही, पण तुमच्या भागातल्या प्रत्येक डॉक्टरने त्या दोन-तीन महिन्यांत जे शिकलं ते त्यांच्या पुस्तकात जेमतेम एक पान असेल, शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचत फिरले सगळे. पुढच्या वर्षी, जुलै 2023 ला, सरकारने जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक बंद केलं. आणि 2024 संपता संपता निमेसुलाइडही गेलं. म्हणजे कॉलेजात शिकलेल्या ताप-सुजेच्या औषधांतली तीन औषधं डिग्रीची शाई वाळायच्या आत बाद! कारण तेच, 2006 ला डायक्लोफेनॅक ज्याच्यामुळे बंद झालं ते. इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी होतात आणि अख्खा थवा संपतो. त्याच कामाचं मेलॉक्सिकॅम त्यातल्या त्यात गिधाडांना सुरक्षित. आता हे ज्याला माहीत नाही असा डॉक्टर तुमच्या गायीला हात लावायला आला तर तुम्हाला चालेल का, एवढंच विचारतो.

तेव्हा ती शिकतेय हे बरोबरच आहे. 25 हजार कुठे घालतेय ते मात्र बघायला पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने असंच शनिवार-रविवारचं ट्रेनिंग केलं होतं, हॉटेलच्या हॉलमध्ये, 40 जण, मशीन एक आणि कुत्रं एक, तेही बिचारं दुपारपर्यंत कंटाळून झोपलं. पोराच्या हातात प्रोब (सोनोग्राफी मशीनचा अंगावर फिरवायचा भाग) आला तो मोजून 4 मिनिटं. सर्टिफिकेट मात्र फ्रेम करण्यासारखं, सोनेरी बॉर्डरवालं! मुलीला सांगा, पैसे भरायच्या आधी फोन करून तीन गोष्टी विचार: एका मशीनमागे किती जण, जनावरं किती आणि कुठली, आणि माझ्या हातात प्रोब किती वेळ. उत्तर द्यायला आढेवेढे घेतले तर भरू नको. एका मशीनवर चार-पाच जण असतील तर 25 हजार मला जास्त वाटत नाहीत.

आणि अजून एक, हे तुम्ही दोघांनी बसून बोलायचंय. ती पुण्यातच राहणार की कधी फलटणला येऊन गायी-म्हशींची प्रॅक्टिस करणार? कारण सोनोग्राफी म्हटलं तरी दोन्हीकडचं काम वेगळं. कुत्र्याचं पोट बघायचा प्रोब वेगळा, गायीच्या शेणाच्या वाटेने आत घालायचा वेगळा. गायीत हाताने गाभण तपासायची तर दीड-दोन महिने थांबावं लागतं, सोनोग्राफीवर महिन्याच्या आसपास कळतं, दूधवाल्याला ते 15-20 दिवस म्हणजे पैसा आहे. गावी यायचं असेल तर कुत्र्यांच्या ट्रेनिंगला पैसे घालण्यात अर्थ नाही. पुण्यातच राहायचं तर मी म्हणेन हे एक ट्रेनिंग कर आणि एमव्हीएससी (बीव्हीएससीनंतरची डिग्री) सर्जरी-रेडिओलॉजीचा फॉर्म पण भर, दोन वर्षं जातात पण रोज केस हातात येते. शस्त्रक्रियेचा हात बसवायचा असेल तर उटीला आणि गोव्यात वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिसची सेंटर्स आहेत, तिथे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीवर डॉक्टरांना शिकवतात. तिथे स्वतः करावं लागतं, नुसतं बघत उभं राहून चालत नाही.

आता चिरंजीव.

4 लाख देऊ नका. अमेरिकेत व्हेटरनरी टेक्निशियन हे शिकून, परीक्षा देऊन लायसन्स मिळवायचं काम आहे. बहुतेक राज्यांत तिथल्या व्हेटरनरी असोसिएशनने मान्य केलेला कोर्स लागतो, मग व्हीटीएनई नावाची परीक्षा. आपला डिप्लोमा दाखवून थेट बसता येत नाही. (मुलीच्या डिग्रीलासुद्धा तिथे वेगळी पात्रता परीक्षा आणि मग लायसन्सची परीक्षा आहे, तर याचं काय.) आणि लायसन्स मिळालं म्हणजे संपलं असंही नाही, कॅलिफोर्नियात डॉक्टरला दर 2 वर्षांत 36 तास आणि रजिस्टर्ड टेक्निशियनला 20 तास पुढचं शिक्षण दाखवावं लागतं, तरच लायसन्स रिन्यू. आपल्याकडे तासांचा असा हिशोब मागायला दारात कोणी येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं शिक्षण एकदाच असतं.

मुलाला खरं तर इथेच भरपूर शिकण्यासारखं आहे, आणि तेही स्वस्तात. तुम्हीच लिहिलंय की त्याने भरलेल्या गायी सारख्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात, आणि लोक आता दुसऱ्याला बोलवायला लागलेत. मी तुमच्या गावी आलो नाही, पण हे चित्र बऱ्याच ठिकाणी बघितलंय. पोरगा गाडीवरून उतरतो, नायट्रोजनच्या कॅनमधून गोठवलेल्या वीर्याची कांडी काढतो आणि दोन तळव्यांत चोळत गोठ्याकडे चालायला लागतो, वाटेत मालकाशी पावसापाण्याच्या गप्पा. उणे 196 डिग्रीवरची कांडी आहे ती! 37 डिग्रीच्या पाण्यात 30 सेकंद धरायची, पुसायची, लगेच गाय भरायच्या गनमध्ये. थर्मास आणि थर्मामीटर दोन्ही मिळून किती रुपयांना येतात? सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरायची हे सगळ्यांना पाठ असतं, पण मालकाने फोन केला की लगेच जाऊन मोकळं व्हायचं ही सवय. त्यात आता मादी वासरंच व्हावीत म्हणून सेक्स सॉर्टेड कांडी आलीय, ती महाग आणि त्यात शुक्राणू खूप कमी, म्हणजे हाताळण्यातली चूक अजिबात खपत नाही.

तर त्याला मैत्रीचं ट्रेनिंग करायला लावा (मैत्री म्हणजे ती राष्ट्रीय गोकुळ मिशनमधली कृत्रिम रेतन तंत्रज्ञांची योजना), साधारण 3 महिन्यांचं असतं, 1 महिना वर्गात आणि 2 महिने फिल्डवर. डिप्लोमात हे झालंय असं तो म्हणेल. झालं असेल, पण हात बसला नाहीये ना. आणि एक वही घालायला सांगा, कुठली गाय, कधी भरली, कुठली कांडी, पुढे गाभण राहिली की उलटली. सहा महिन्यांची ती वही कुठल्याही दूध संघाच्या साहेबापुढे ठेवली की सर्टिफिकेट विचारणार नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, रागवू नका. तुम्ही लिहिलंय की तो "छोटीमोठी ऑपरेशनं पण करतो". ते बंद करायला सांगा. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यात प्रॅक्टिस नोंदणीकृत डॉक्टरचीच, डिप्लोमावाल्यांना सरकार किरकोळ सेवांची परवानगी देतं ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. आणि गावात एखादी गाय दगावली की सगळे एका सुरात याच्याकडेच बोट दाखवणार. शिवाय डिप्लोमावरून इंजिनिअरिंगला जसं थेट दुसऱ्या वर्षाला घेतात तसं बीव्हीएससीला नाही, डॉक्टर व्हायचंच असेल तर बायोलॉजी घेऊन बारावी आणि मग नीटची प्रवेश परीक्षा. 23 व्या वर्षी त्याची तयारी असेल तर मी नाही म्हणणार नाही, पण हा विचार त्याचा आहे की तुमचा, ते एकदा त्याला विचारा.

पैशाचं म्हणाल तर 25 हजार मुलीला, वर सांगितलेले तीन प्रश्न विचारून. मुलाला मैत्री, थर्मास, थर्मामीटर आणि एक वही. 4 लाख बँकेतच राहू देत.

आणि तुम्ही पत्रात लिहिलेली ती तीनदा उलटलेली कपिला गाय, तिला दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवू नका. मुलगी पुढच्या सुट्टीला येईल तेव्हा तिलाच हात घालून बघायला सांगा, गर्भाशय कसं आहे, बीजांड काय म्हणतंय, आणि शेजारी भावाला उभं करा. बहिणीने ओरडून सांगितलेलं तो ऐकेल का माहीत नाही, पण फी तरी नाही त्याला.