ज्युरी ड्युटीचं समन्स आलंय? आधी मॅनेजरला सांग

अरे, अमेरिकेचा सिटिझन झाल्यावर ज्युरी ड्युटीचं, म्हणजे कोर्टात इतर नागरिकांसोबत खटला ऐकून निकाल द्यायला बसायचं, पहिलं समन्स आलं की पोटात गोळा येतोच, त्यात ऑफिसात रिलीज तोंडावर आलेलं, पण घाबरू नकोस. मी इथे मॅसॅच्युसेट्समध्येच दोनदा जाऊन आलोय.

पत्र आलं त्याच दिवशी फोटो काढून मॅनेजर आणि एचआर दोघांना मेल टाक. मी पहिल्या वेळी आदल्या संध्याकाळी सांगितलं आणि मॅनेजरचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं, चूक माझीच होती. तारीख अगदीच अडचणीची असेल तर वर्षभराच्या आत पुढे ढकलता येते, तू स्वतः सोयीचा दिवस निवड, रिलीजनंतरचा.

पगाराचं टेन्शन घेऊ नको, आपल्या राज्यात पहिले ३ दिवस कंपनीलाच नेहमीचा पगार द्यावा लागतो, चौथ्या दिवसापासून राज्य रोजचे ५० डॉलर देतं. आणि ज्युरीला गेला म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. कोर्टातून सर्टिफिकेट मिळतं ते जपून ठेव, एचआर मागतं.

'इंग्लिश येत नाही म्हण, सोडतात' असं कुणी सांगेल, तसलं काही करू नकोस प्लीज, तिथे कुणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न असतो रे. बहुतेकांचं एका दिवसात आटपतं, पण केसवर निवडला गेलास तर ती संपेपर्यंत जावं लागतं, म्हणून निदान ३-४ दिवसांचं काम कलीगला नीट समजावून, लिहून देऊन जा.