बंधाऱ्यातले मासे उन्हानं मरतात का?

प्रश्न: ताई, आमचं गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेकाठी. उन्हाळ्यात बंधाऱ्यातलं पाणी काळं पडतंय, वास मारतोय, आणि एखाद्या सकाळी मासे पोट वर करून तरंगत असतात. तक्रार केली की 'ऊन लय आहे' एवढंच उत्तर मिळतं. लोक तेच मासे पोत्यात भरून नेतात. करायचं काय?
– एक वाचक

उत्तर: दादा, नुसत्या उन्हानं एवढे मासे मरत नाहीत. पाणी तापलं की ऑक्सिजन कमी विरघळतो हे खरं, पण 30 डिग्रीच्या स्वच्छ पाण्यातसुद्धा लिटरमागं साडेसात मिलिग्रॅम असतो आणि माशांचं चार-पाचवर भागतं. मग बाकीचा जातो कुठं? मैलापाणी, कापड प्रोसेसचं (धुलाई-रंगाईचं) रंगाचं पाणी, डिस्टिलरीचं मळीचं पाणी नदीत आलं की ते कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन संपवून टाकतात. मळीच्या कच्च्या पाण्याची बीओडी (लिटरभर पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, मिलिग्रॅममध्ये) 45 हजार धरा, नदीत सोडायची मर्यादा आहे 30! म्हणजे दहा हजार लिटरचा एकच टँकर रिकामा झाला तर सहा कोटी लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाईल एवढा माल त्यात असतो. त्यात बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी थांबलेलं, वर केंदाळ (जलपर्णी), आणि रात्री शेवाळही ऑक्सिजनच घेतं, म्हणून मासे पहाटे मरतात.

एक गोष्ट नीट बघा. मरळ मासा वर येऊन हवा घेतो, त्यामुळं ऑक्सिजन संपला तरी तो बराच तग धरतो. मरळही मेलेला दिसला तर पाण्यात विषारी काहीतरी आलंय अशी शंका घ्या आणि तक्रारीत तसं लिहा.

पाणी पुढं सरकलं की पुरावा गेला, म्हणून उजाडायच्या आत फोटो-व्हिडिओ काढा, बंधाऱ्याची खूण दिसू दे, लगेच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर ऑफिसला फोन आणि मेल दोन्ही करा, आणि ग्रामपंचायतीला घेऊन पंचनाम्याचा हट्ट धरा. नमुना बंधाऱ्याच्या वरचा, खालचा आणि नाला मिळतो तिथला, असा तिन्हीकडचा घ्यायला लावा. ऑक्सिजनचा नमुना जागेवरच औषध टाकून पक्का करावा लागतो, बाटली तशीच ऑफिसला नेली तर आकडा चुकतो, हे समोर उभं राहून बघा. आपण बाटलीत भरलेलं पाणी माहितीपुरतं ठीक, पण केस उभी राहायची तर 1974 च्या जल कायद्याप्रमाणं मंडळानंच सांडपाण्याचा नमुना घेऊन सील करावा लागतो. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, पुढं पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाच्या केसेस चालतात तिथं) जायची वेळ आली तर तीच लागेल.

आणि ते मासे कुणाला खाऊ देऊ नका, विकू तर अजिबात नको. कशानं मेलेत ते कळेपर्यंत जनावरंही त्या पाण्यावर सोडू नका, गावात दवंडी द्या.