हवाई अंतर ४०० किमी, मग तिकिटावर सव्वा तास का?

कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. छोट्या विमानतळांवर अनेकदा एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं विमान असतं. त्याचा वेग ताशी साधारण ५०० किमी, म्हणजे ४०० किमीला निव्वळ ४८ मिनिटं. चढता-उतरताना वेग कमी असतो, तिथे थोडी मिनिटं जातात. खरा वेळ खातं ते जमिनीवर: समांतर टॅक्सीवे (धावपट्टीच्या बाजूने विमानाला ये-जा करायचा रस्ता) नसेल तर विमान धावपट्टीवरूनच पार टोकापर्यंत जातं, तिथे वळतं आणि मग उडतं. समोरून ताशी ५० किमीचा वारा असेल तर आणखी ५ मिनिटं धरा. अंतर नॉटिकल मैलांत दिलं असेल तर किमी काढायला आधी १.८५२ ने गुणा. बरेच जण इथेच चुकतात.