शीर्षकपानावर छापलंय म्हणून?

सतराव्या शतकातल्या डच पुस्तकांबद्दल येणाऱ्या पत्रांत तोच गोंधळ पुन्हापुन्हा दिसतो, म्हणून काही प्रश्न एकत्रच घेतो.

प्रश्न : वर्षाच्या जागी सी, आय आणि उलटा सी अशी अक्षरं आहेत. छपाईची चूक का?

नाही. ती तीन अक्षरं मिळून १०००. नुसता आय आणि उलटा सी म्हणजे ५००.

प्रश्न : शीर्षकातल्या लाल ओळी हाताने रंगवायचे का?

छापायचे. एकच कागद लाल आणि काळ्या शाईसाठी दोनदा दाबाखाली जाई. म्हणून लाल ओळ कधी किंचित सरकलेली दिसते.

प्रश्न : माझ्या फ्रेंच पुस्तकावर ‘कोलोन, पिएर मार्टो’ असं आहे. विक्रेता म्हणतो, अस्सल जर्मन छपाई. किंमतही तशीच लावलीय.

पैसे दिले नसतील तर थांबा. या नावाचा प्रकाशक कोलोनमध्ये कधी नव्हताच. वादग्रस्त मजकूर छापणारे त्याच्या आड लपत, आणि त्यांत डच छापखानेवाले पुष्कळ. १६७० साली डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचा धर्म आणि राज्यसत्तेवरचा लॅटिन ग्रंथ निघाला, तेव्हा पानावर हॅम्बुर्ग आणि हेन्रिकुस क्युनराथ हे नाव होतं. प्रकाशक होता ॲमस्टरडॅमचा यान रिउवर्ट्स. १६७३ मध्ये तर तोच ग्रंथ वैद्यक आणि शस्त्रक्रियेच्या पुस्तकांची शीर्षकपानं चढवून विकला गेला. (रोग्यासाठी तो उघडणाऱ्या वैद्याची कीवच येते.) तेव्हा गाव, नाव, साल वाचून निकाल देऊ नका. प्रकरणारंभीचं नक्षीदार अक्षर भिंगाखाली धरा. त्याच्या चौकटीला चीर असेल आणि तीच चीर ॲमस्टरडॅमच्या एखाद्या उघड नावाच्या पुस्तकात सापडली, तर दोन्हीकडे तोच ठसा वापरलेला, म्हणजे खऱ्या छापखान्याचा धागा हाती लागतो. हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची १८०० पर्यंतच्या डच पुस्तकांची सूची इंटरनेटवर फुकट पाहता येते. आधी ती पाहा, मग पुस्तक घेऊन जाणकाराकडे जा. मोबाइलवरच्या फोटोवरून मी मत देत नाही.

प्रश्न : ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या लॅटिन ग्रंथात देवनागरीचे पहिले खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) वापरले, असं ऐकलं.

ऐकीव गोष्ट. पहिल्या खंडात (ॲमस्टरडॅम, १६७८) रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचं नागरी लिपीतलं कोंकणी प्रमाणपत्र आहे, पण ते खिळे जुळवून छापलेलं नाही. हस्ताक्षर कोरून घेऊन छापलं आहे. एकच अक्षर दोन ठिकाणी ताडून पाहा. खिळ्यांत ते एकाच साच्यातलं येतं, इथे त्याचं वळण दर वेळी थोडं बदलताना दिसतं.

प्रश्न : चित्रमय शीर्षकपान फ्रेम करून विकायला आहे. घ्यावं का?

घेऊ नये. ते कुठल्या तरी पुस्तकातून फाडलेलं असण्याचीच शक्यता जास्त, आणि भडक रंग बहुधा गिऱ्हाइकासाठी अलीकडे भरलेले. तरी मोह आवरत नसेल तर आधी तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : शीर्षकपान सुटलंय. तूर्त सेलोटेप लावू का?

मुळीच नको. सुटं पान पुस्तकासोबत पाकिटात ठेवा आणि याच आठवड्यात कागद-संवर्धकाकडे न्या. टेप लावून झाली असेल तर ओढून काढू नका.