गाडी कशी चालली, ते बाबांना खरे सांग

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

क्वार्टर मिजेट या मुलांच्या छोट्या शर्यतीच्या गाडीच्या नवोदित गटात तुझा सराव सुरू होतो आहे आणि बाबा तुझे हँडलर, म्हणजे तुझी गाडी सांभाळणारे मोठे माणूस, होणार आहेत, हे तुझ्या पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. आधी काय शिकू, असे तू विचारले आहेस. वळणावरची रेषा आणि पुढच्याला मागे टाकणे हळूहळू जमेल; त्याआधी गाडी कशी चालली हे बाबांना नेमके सांगायला शीक.

अमेरिकेत हा खेळ मुले पाचव्या वर्षापासून खेळतात, पण तो एकट्या मुलाचा कधीच नसतो. गाडीला क्लच नसल्यामुळे ती ढकलूनच सुरू करावी लागते, आणि क्लबमध्ये गुण नोंदवण्यापासून वळणावर उभे राहण्यापर्यंतची कामे पालकच करतात. पुढे प्रसिद्ध रेसर झालेल्या जेफ गॉर्डनला पाचव्या वर्षी या गाडीत बसवून सराव करून घेणारे त्याचे सावत्र वडील जॉन बिकफर्डच होते.

ट्रॅक एका मैलाचा विसावा भाग, म्हणजे सुमारे ८० मीटरचा असतो आणि वळणे सगळी डावीकडची. मागचा आस अखंड असल्यामुळे दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, पण डावीकडे वळताना बाहेरच्या, उजव्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. म्हणून उजव्या मागच्या टायरचा घेर डाव्यापेक्षा थोडा मोठा ठेवतात, त्याला स्टॅगर म्हणतात. वळणावर मागची बाजू सुटत, म्हणजे बाहेर घसरत असेल तर स्टॅगर कमी करतात, आणि पुढची चाके वळायला तयार नसतील तर वाढवतात. दोन्ही तक्रारींवर उपाय उलटे आहेत, आणि आत बसलेली तू एकटीच त्यांतली खरी कोणती ते जाणतेस.

माझा मुलगा दहा वर्षांचा असताना एका शनिवारी गाडीतून उतरताच म्हणाला, "मागून सुटते आहे." मी टेपने टायरचे घेर मोजले आणि हवा कमी-जास्त करून स्टॅगर घटवला. पुढच्या शर्यतीत गाडी वळेचना. ती सरळ भिंतीकडे गेली आणि पुढचा आस वाकला. घरी परतताना, अंधारात, मागच्या सीटवरून तो म्हणाला की वळणाच्या मध्यावर घाबरून तो अॅक्सिलरेटर एकदम सोडत होता. पाय असा सुटला की भार पुढे जातो आणि मागची बाजू सुटतेच. त्यात गाडीचा दोष नव्हता. चूक मात्र मी त्याचीही मानत नाही. हेल्मेट उतरण्याआधीच मी प्रश्नांची सरबत्ती करत असे, आणि अशा वेळी गाडीला दोष देणे मुलाला सोपे वाटते.

म्हणून बाबांना आत्ताच सांगून ठेव की हेल्मेट आणि हातमोजे काढून पाणी पिऊन होईपर्यंत काही विचारायचे नाही. मग वळणात शिरताना, मध्यावर आणि बाहेर पडताना काय झाले ते वेगवेगळे सांग, आणि तेव्हा तुझा पाय कुठे होता तेही सांग. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हण. त्यावर बाबा काही न बदलता तुला पुन्हा ट्रॅकवर पाठवू शकतात. ऐकून घेणे त्यांनाही शिकावे लागेल, त्यासाठी त्यांना मी वेगळे लिहीन.

पहिल्या सरावाला एक छोटी वही घेऊन जा. दर वेळी ट्रॅकवरून परतल्यावर टायरचे घेर आणि हवा बाबा लिहितील, त्याखालची ओळ तू तुझ्या अक्षरात लिही.

तुझा,
काका