जुना मराठी ब्लॉग वाचवायचाय? आधी 'सेव्ह'पासून लांब राहा

मावशींच्या २००२-०४ मधल्या ब्लॉगस्पॉटवरच्या नोंदी उतरवल्या, तर अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या रोमन अक्षरांचा काला, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं पुरेपूर ओळखीचं आहे. फाइल बहुधा शाबूत असेल. विंडोज ९८ ला युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) देवनागरी नीट दाखवता येत नव्हती, एक्सपीतही ती सोय मुद्दाम चालू करावी लागे. म्हणून लोक शिवाजीसारखे फाँट वापरत. साठवलेली अक्षरं रोमनच, देवनागरी फक्त दिसण्यापुरती.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह करू नका. आधी प्रत काढा. आणि होस्टिंगवाल्यांना 'यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) करून द्या' असं तर मुळीच सांगू नका. आमचा ब्लॉग ज्या कंपनीकडे होता तिने न विचारता ते केलं आणि १२७ च्या पुढच्या कोडांवरची (म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडची) सगळी अक्षरं प्रश्नचिन्हं झाली. सपोर्टचं उत्तर काय, तर 'फाइल उघडतेय, म्हणजे डेटा आहे'! अहो, दहा वेगळ्या अक्षरांच्या जागी एकच चिन्ह बसलं की कुठलं कशाचं हे कोणतंही साधन सांगू शकत नाही. मूळ बॅकअपही त्यांनी पुसला होता. संताप अजून जात नाही.

याउलट, डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याला चिकटून येनचं चिन्ह सारखं दिसत असेल, तर निर्धास्त राहा. ते युनिकोडच आहे, ब्राउझर चुकीच्या पद्धतीने वाचतोय. फायरफॉक्सच्या 'व्ह्यू' मेनूतलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' करून बघा.

फाँटवाल्या नोंदींसाठी पानाच्या सोर्समध्ये (पानामागच्या कोडमध्ये) 'फाँट फेस' शोधा आणि त्याच फाँटचा कन्व्हर्टर (मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) घ्या. एकाचा अक्षरांचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. चाचणीला 'वार्षिक', 'मार्मिक' असे शब्द घ्या. या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, कच्चे कन्व्हर्टर तिथेच घसरतात. माझ्या मते शंभर नोंदींपर्यंत हाताने तपासणंच बरं, पण तुमच्या फाइली मी पाहिलेल्या नाहीत.

गहाळ नोंदी वेबॅक मशीनवर (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर) शोधताना एक लक्षात ठेवा: मे २००४ पर्यंत ब्लॉगरवर (म्हणजे ब्लॉगस्पॉटवर) प्रत्येक नोंदीला वेगळं पान नसे. आठवड्याचं किंवा महिन्याचं एकच पान असे आणि नावात वर्ष, महिना, तारीख अंडरस्कोरने जोडलेली. ती पानं शोधा. वेबॅकच्या पत्त्यातल्या तारीख-वेळेच्या १४ आकड्यांना लागून रोमन 'आयडी' आणि अंडरस्कोर टाकलं की वेबॅकच्या पट्टीशिवाय मूळ पान उतरतं. प्रतिक्रिया मात्र तेव्हा हॅलोस्कॅनसारख्या बाहेरच्या सेवांवर असत, त्या मिळतील असं धरून चालू नका.